तेल सरेल तेव्हा

आपल्या भागातील कित्येक घरांचा संसार आज दोन ठिकाणी चालतो. घर येथे, खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यात. आणि घराचा कर्ता पुरुष कुवेत, दुबई, मस्कत अथवा दोहा येथे. महिन्याच्या ठराविक तारखेला बँकेत पैसे जमा होतात. त्यातून किराणा, मुलांची फी, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी आणि काही उरल्यास नव्या घराचे काम. घाटाखाली गोव्यात तर ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची झाली आहे. हे पैसे कोठून येतात असे कोणी विचारले तर आपण सहज सांगतो, "थोरला पाठवितो." उत्तर खरे आहे, पण अर्धेच. थोरल्याला पगार देणारा धनी तो पगार कोठून देतो? ह्या प्रश्नाचा धागा धरून मागे मागे गेलो, तर बहुधा तो वाळवंटाखालच्या तेलापाशी जाऊन थांबतो. तेव्हा ते तेल सरले तर काय होईल, ही चिंता केवळ अमीरांची आणि शेखांची नाही. ती आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते. आजच्या लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

तेल हे पीक नव्हे

आपण शेतकरी माणसे. पीक आणि साठा ह्यांतील भेद आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. खाचरातील भात यंदा कापले तरी पुढल्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येते. परंतु कणगीतील भात काढीत गेलो आणि नवे घातले नाही, तर एक दिवस हात तळाला लागतो. खनिज तेल हे खाचरातील भात नव्हे, कणगीतील भात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळाखाली दडपले गेले, वरच्या थरांच्या भाराने व भूगर्भातील उष्णतेने त्यांचे तेल झाले आणि सच्छिद्र खडकांत ते साठून राहिले. निसर्गाला जे करावयास एवढा काळ लागला, ते माणूस दोन-तीनशे वर्षांत जाळून मोकळा होणार. म्हणून तेल विकून आलेला पैसा उत्पन्नासारखा दिसला, तरी खरे पाहता ती मालमत्तेची विक्री आहे. शेत कसून आलेले शंभर रुपये आणि शेताचा तुकडा विकून आलेले शंभर रुपये, नोटा सारख्याच. पण दुसऱ्या शंभरांबरोबर शेत गेलेले असते.

तेल नेमके केव्हा सरेल ह्याची भाकिते करणारे पुष्कळ झाले आणि बहुतेक फसले. १९५६ साली हबर्ट नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने सांगितले की, अमेरिकेतील तेलाचे उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठील आणि मग उतरणीला लागेल. तसे ते १९७० साली खरोखरच उतरणीला लागले आणि लोकांनी त्याला द्रष्टा मानले. पुढे कठीण खडक फोडून त्यातील तेल काढण्याची रीत निघाली आणि २०१८ साली अमेरिकेने तो जुना उच्चांकही मागे टाकला. जगाचा ज्ञात साठा आजच्या वापराने सुमारे ५० वर्षे पुरेल असे ढोबळमानाने सांगतात. पण हा आकडा गेली काही दशके फारसा हललेला नाही, कारण वापराबरोबर नवे साठेही सापडत गेले. मग आपण निश्चिंत राहावे काय? मुळीच नाही. उत्पन्न बंद पडावयास साठाच संपला पाहिजे, असे कोठे आहे? साठा शिल्लक असताना उत्पन्न बंद पडल्याची उदाहरणे आपल्या आसपासच आहेत.

उत्पन्न तीन वाटांनी जाते

पहिली वाट झिजण्याची. आपल्याच राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहा. १८८० च्या सुमारास जॉन टेलर कंपनीने तेथे खाणकाम सुरू केले. जगातील अत्यंत खोल खाणींत तिची गणना होई. शिवनसमुद्राच्या धबधब्यापासून केलेली वीज १९०२ साली बंगलोर शहराच्याही आधी तेथे पोहोचली. तीन-चार पिढ्यांनी त्या खाणींवर पोट भरले. पण जसजसे खोल जावे तसतसे टनामागे मिळणारे सोने कमी आणि ते वर काढण्याचा खर्च अधिक. अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सोन्याचा शेवटचा कण निघाला म्हणून नव्हे, तर काढणे परवडेनासे झाले म्हणून. आज त्या गावातील कितीतरी माणसे पहाटेची आगगाडी पकडून बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परत येतात. गावाभोवती उरल्या आहेत त्या खाणीतून काढलेल्या भुकटीच्या टेकड्या.

दुसरी वाट बंदीची. चोर्ला घाट उतरला की गोव्याचा खाणपट्टा लागतो. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले. डिचोली, सत्तरी, सांगे ह्या तालुक्यांत घरोघरी ट्रक आले, बहुतेक बँकेच्या कर्जावर. खाणमालाला चीनचे गिऱ्हाईक होते. हप्ते फिटत होते. बेकायदा खाणकामाची चौकशी झाली आणि २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने काम थांबविले. पुढे थोडे सुरू झाले, ते २०१८ च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबले. खनिज डोंगरात तसेच होते. पण ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले. खाणीने झालेली नासाडी मोठी होती, न्यायालयाला हात घालणे भाग पडले, हे सर्व मान्य. तथापि ज्या घराने दुसरे काहीच हाती ठेवले नव्हते, त्या घराला ह्या युक्तिवादाने अन्न मिळाले नाही.

तिसरी वाट सर्वांत फसवी. साठा आहे, बंदीही नाही. पण गिऱ्हाईकच वळते. निपाणीची तंबाखू हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण होय. विडीच्या तंबाखूने निपाणीला बाजारपेठ दिली, वखारी दिल्या, हजारो स्त्रियांना वखारीत तंबाखू चाळण्याचे व घरी विड्या वळण्याचे काम दिले. त्या सुबत्तेचा वाटा पिकविणाऱ्याच्या पदरात किती पडला, हे १९८१ साली जगाला दिसले. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काहींचे प्राण गेले. नंतरच्या काळात वारे हळूहळू फिरले. तंबाखूने होणाऱ्या रोगांविषयी लोक जागे झाले. २००३ साली आपल्या देशात तंबाखूविषयक कायदा झाला. २००५ साली जागतिक करार अमलात आला. तंबाखू आजही पिकते, विडीही वळली जाते; पण विडी वळणारी माउली आपल्या लेकीने तेच काम करावे असे म्हणत नाही. वेदगंगा-दूधगंगेच्या काठी उसाचे मळे वाढले. बदल चांगला, पण तंबाखूची एक खुंटी सोडून उसाची एकच खुंटी धरली, तर धोका टळला असे कोणी म्हणू नये.

आखाताने हे एकदा भोगले आहे

तेलाच्या राज्यांना हा अनुभव नवा नाही, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. तेल सापडण्यापूर्वी आखाताचा सारा किनारा मोत्यांवर जगत असे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत गलबते निघत. बुडी मारणारे पाणबुडे नाकाला चिमटा लावून समुद्राच्या तळाशी जात आणि शिंपले वेचून वर येत. गलबताच्या मालकाला तिकडे नाखुदा म्हणत. आपल्या कोकणातील नाखवा हा त्याच शब्दाचा भाऊ. नाखुदा पाणबुड्याला हंगामापूर्वी उचल देई, हंगाम संपला तरी ती फिटत नसे आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच गलबतावर जाणे भाग पडे. ह्या मोत्यांची मोठी बाजारपेठ कोणती? आपली मुंबई. आखाताचा आणि आपला व्यवहार इतका जवळचा की तेथे आपला रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आणि बहारिनने १९६५ साली आपला दिनार सुरू केला, तोवर रुपया हेच तेथील नाणे होते.

ह्या मोत्यांचे पुढे काय झाले? जपानात मिकिमोतो नावाच्या माणसाने शिंपल्यात मोती मुद्दाम वाढविण्याची कला साधली. १९२० नंतर असे गोल मोती बाजारात आले. नैसर्गिक मोत्यासारखेच दिसणारे आणि किमतीने पुष्कळ कमी. त्यातच १९२९ सालची जागतिक मंदी आली. काही वर्षांतच आखाताचा मोत्यांचा व्यापार मोडून पडला. समुद्रातील शिंपले संपले नव्हते. त्यांना मोल देणारा संपला होता. बहारिनचे दैव बलवत्तर म्हणून १९३२ साली तेथे तेल लागले. कुवेतला १९३८ साली तेल सापडले, परंतु मध्ये महायुद्ध आले आणि पहिले तेल परदेशी गेले ते १९४६ साली. मधल्या वर्षांत त्या किनाऱ्याने दारिद्र्य सोसले. आजचे भपकेबाज मनोरे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मोत्यांवरून तेलावर येऊ या. तेलाचे गिऱ्हाईक वळू लागल्याची चिन्हे दिसत आहेत. नॉर्वे हा स्वतः तेल विकणारा देश. पण २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांतील जवळजवळ नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या. २०२३ च्या डिसेंबरात जगातील राष्ट्रांनी कोळसा व तेल ह्यांसारख्या इंधनांपासून दूर जाण्याचे ठरविले, आणि ही परिषद भरली होती ती दुबईतच. तेल उद्या बंद होणार नाही. विमाने, जहाजे, खते, प्लॅस्टिक ह्यांना ते अजून दीर्घकाळ लागेल. परंतु ते अखेरच्या थेंबापर्यंत उपसले जाईल, असे धरून चालणे शहाणपणाचे नाही.

तेलाच्या राज्यात काय घडते

आपल्या सरकारला आपण कर देतो आणि सरकार त्यातून खर्च चालविते. आखातातील राज्यांत हा व्यवहार पुष्कळसा उलटा आहे. तेथे सरकारला तेलाचे पैसे मिळतात आणि ते त्यातून नागरिकांना नोकऱ्या, स्वस्त वीज, स्वस्त पाणी देते. पाणी म्हणजे तरी काय? बव्हंशी समुद्राचे खारे पाणी इंधन खर्चून गोडे केलेले. धान्य, भाजी, मांस बाहेरून येते. अशा राज्याला तेलाचा अमुक एक भाव मिळाला तरच वर्षाचा मेळ बसतो. भाव त्याखाली गेला की खर्चाची आणि मिळकतीची तोंडे फिरतात.

भाव खाली जाणे ही काल्पनिक गोष्ट नव्हे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले तेव्हा काही महिन्यांत भाव सुमारे चौपट झाला. त्याच पैशाने तेथे बंदरे, रस्ते, रुग्णालये उभी राहिली आणि आपली माणसे मोठ्या संख्येने तिकडे गेली. १९८६ साली भाव कोसळला. २०१४ च्या मध्यास पिंपाला शंभर डॉलरांवर असलेले तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरांखाली आले. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकेच्या वायदेबाजारात भाव काही काळ शून्याखाली गेला. म्हणजे माल घेऊन जा आणि वर पैसेही न्या, अशी अवस्था झाली.

अशा वेळी राज्य काय करते, ह्याचा क्रम ठरलेला दिसतो. प्रथम शिलकीला हात लागतो. मग कर्ज काढले जाते. नवी बांधकामे थांबतात. ठेकेदाराचे पैसे अडकतात आणि ठेकेदार मजुराचे अडकवितो. २०१६ च्या उन्हाळ्यात सौदी अरेबियात हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगारावाचून अडकून पडले. त्यांच्या जेवणाची सोय आपल्या वकिलातीला करावी लागली आणि त्यांना परत आणण्यासाठी भारताच्या मंत्र्यांना तिकडे जावे लागले. त्यानंतर नवे कर येतात. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल आकारले. ते वाढत वाढत २०२० साली ४०० वर गेले. पत्नी व दोन मुले म्हणजे महिना १२०० रियाल. हे न झेपल्याने अनेकांनी बायकामुलांना मायदेशी धाडले. विक्रीवरील कर २०१८ साली ५ टक्के होता, तो २०२० साली १५ टक्के झाला. त्याच सुमारास प्रत्येक राज्यात ओरड होते की नोकऱ्या आधी आपल्या मुलांना द्या. त्यात अन्याय तो काय? त्यांच्या जागी आपणही तेच म्हटले असते. परंतु ध्यानात घ्यावयाचे ते हे की, तेलाची विहीर आटू लागली म्हणजे तेथील नागरिकाच्या ताटातला घास सर्वांत शेवटी कमी होतो आणि परदेशी कामगाराचा सर्वांत आधी.

राखणारे आणि उडविणारे

सर्वच राज्ये सारखी वागली असे मात्र नाही. प्रशांत महासागरात नाउरू नावाचे अवघे २१ चौरस किलोमीटरांचे बेट आहे. खतासाठी लागणारे फॉस्फेट हे त्याचे एकमेव धन. १९६८ साली स्वतंत्र झाल्यावर दरडोई उत्पन्नात ते जगातील अतिश्रीमंत देशांत गणले गेले. त्या पैशाचा निधीही उभारला होता. पण तो मेलबर्नच्या बावन्न मजली इमारतीत, विमान कंपनीत, लंडनच्या एका संगीत नाटकातसुद्धा घातला गेला. फॉस्फेट सरत आले तेव्हा निधीही सरला होता. २००४ साली ती इमारत विकावी लागली, आणि बेटाचा मधला भाग खणून खणून नापीक झालेला. व्हेनेझुएलाची कथा निराळी. जगातील सर्वांत मोठा ज्ञात तेलसाठा त्या देशापाशी आहे; तरीही शिल्लक न ठेवता केलेला खर्च, ढासळलेला कारभार, पडलेला भाव आणि पुढे लादली गेलेली निर्बंधने ह्यांनी तेथील नाण्याला कागदाची किंमत आली आणि सत्तर लाखांहून अधिक माणसांनी देश सोडला. नाउरूचे धन सरले म्हणून तो देश बुडाला. व्हेनेझुएलाचे धन असूनही बुडाला.

दुसऱ्या बाजूला कुवेत पाहा. स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधी, १९५३ साली, त्याने तेलाच्या पैशाची गुंतवणूक करण्यासाठी लंडनमध्ये मंडळ स्थापिले. १९७६ साली भावी पिढ्यांसाठी वेगळा निधी काढला आणि राज्याच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दर वर्षी त्यात टाकण्याचा कायदा केला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. परत जाताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरींना आगी लावल्या. शेवटची आग विझली ती १९९१ च्या नोव्हेंबरात. तेल बंद, बंदर बंद, राज्यकर्ते परागंदा. त्या काळात देशाला ज्याने तारले ते होते परदेशात गुंतविलेले हे धन.

नॉर्वेने त्याहून पुढची शिस्त लावली. तेथे १९६९ साली मोठा साठा सापडला. १९९० साली कायदा करून निधी उभारला आणि १९९६ साली त्यात पहिली रक्कम पडली. तेलाचा पैसा निधीत जातो आणि सरकारने सरासरीने त्याच्या केवळ फळाएवढाच खर्च करावा असा नियम आहे. झाड तोडावयाचे नाही. सुमारे ५५ लाख वस्तीच्या त्या देशाचा निधी आज दीड लाख कोटी डॉलरांहून मोठा आहे. दुबईने तिसरा मार्ग धरला. तिचे तेल मुळात थोडे. म्हणून १९७० च्या दशकातच तिने बंदरे बांधली आणि १९८५ साली विमान कंपनी काढली. आज तेलाचा वाटा तिच्या मिळकतीत अगदी थोडा आहे. पण तिनेही कर्जावर फार मनोरे चढविले आणि २००९ च्या डिसेंबरात तेलवाल्या अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले तेव्हा ती सावरली. आपल्या गोव्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली लोहखनिजाच्या विक्रीतील दहावा हिस्सा कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. उशिरा का होईना, तत्त्व तेच.

आपल्या घराची विहीर

आता घराकडे वळू. आखातात राबणाऱ्या मुलाचा पगार हेही पीक नव्हे, साठाच आहे. त्याचे तारुण्य, त्याच्या बाहूंतील बळ, कडक उन्हात उभे राहण्याची त्याची ताकद ही आपली तेलविहीर. विशीत सुरू झालेली ती पन्नाशीपर्यंत चालली तरी पुष्कळ. तिला तिन्ही वाटा लागू आहेत. शरीर झिजते, परवाना नाकारला जातो, धंदा बसतो. १९९० साली कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. आयुष्याची कमाई मागे टाकून कित्येकजण अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईला उतरले. २०२० च्या मे महिन्यापासून साथीच्या दिवसांत पुन्हा तेच दृश्य दिसले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२०-२१ साली भारतात येणाऱ्या पैशात अमेरिकेने अमिरातीला मागे टाकले. आखाताचा वाटा अजून मोठा आहे, परंतु पूर्वीइतका नाही.

मग काय करावे? घाबरून मुलाला परत बोलवावे असे आम्ही सांगत नाही. विहिरीला पाणी आहे तोवर ते वापरावे. फक्त ते सारे अंगणात ओतून टाकू नये. कुवेतचा दहावा हिस्सा कोणत्याही घराला पेलतो. महिना ३०,००० रुपये येत असतील तर पैसे येताच ३,००० बाजूला काढावे. उरले तर ठेवू असे म्हटले की कधीच उरत नाही. पंधरा वर्षांत व्याज न धरता ५ लाख ४० हजार होतात. तेवढ्यात म्हातारपण निघत नाही. पण परतलेल्या माणसाला सावकाराच्या दारी न जाता दोन-तीन वर्षे श्वास घेता येतो.

घर बांधावे, पण राहण्यापुरते. शेजाऱ्याच्या मजल्यावर आपला मजला चढविण्यासाठी काढलेले कर्ज हे गोव्याच्या दारात उभ्या राहिलेल्या ट्रकासारखे आहे. मिळकत थांबते, हप्ता थांबत नाही. लग्नकार्याच्या व सणासुदीच्या खर्चाविषयीही हेच. पंगतीची चर्चा आठवडाभर होते आणि कर्ज दहा वर्षे फिटते.

शेत पडीक टाकू नये. पैसे येतात म्हणून कित्येकांनी भाताची खाचरे ओस टाकली, गोठा मोडला. आपल्याकडची रताळी, भाजीपाला आणि दूध ह्यांना बेळगावची व गोव्याची बाजारपेठ आहे. शेताने श्रीमंती येणार नाही. पण घरी एक दुसरी चूल पेटती राहील. मुलींना व सुनांना परिचर्या, शिक्षण, शिवण, हिशेब असे एखादे अंगचे कसब द्यावे. ज्या घरात दोन हात निरनिराळ्या ठिकाणी मिळवितात, ते घर एका फटक्याने पडत नाही. परदेशी जाणाऱ्या मुलानेही नुसता मजूर म्हणून न जाता विजेचे, जोडकामाचे, यंत्रदुरुस्तीचे काम प्रमाणपत्रासह शिकून जावे. ते काम तेल सरल्यावरही कोठेही उपयोगी पडते.

आणखी एक. नोकरीचा करारनामा, विम्याचे कागद, नोकरी सोडताना मिळावयाच्या रकमेचा हिशेब ह्यांच्या प्रती घरी असाव्यात आणि त्या कोठे आहेत हे पत्नीला ठाऊक असावे. कर्ता माणूस अकस्मात आजारी पडला म्हणजे ह्या कागदांची किंमत कळते.

शेवटी, आपण परदेशी असलेल्या मुलाशी बोलतो ते काय बोलतो, ह्याचाही विचार करावा. छपराचे, फीचे, भाचीच्या लग्नाचे आपण सांगतो. तो "ठीक आहे, पाठवितो" म्हणतो. तिकडे पगार दोन महिने थकला असला तरी तो सांगत नाही, कारण घरी सर्वांनी त्याच्यावर भार टाकलेला आहे आणि ते ओझे खाली ठेवण्याची त्याला लाज वाटते. येत्या रविवारी दूरध्वनी आला की मागणी सांगण्यापूर्वी त्याला विचारावे, "बाळ, काम कसे चालले आहे? आणखी किती वर्षे तुला झेपेल?" तो जो आकडा सांगेल तो कागदावर लिहावा आणि घरातील सर्वांनी त्याभोवती बसून हिशेब करावा. कुवेतने आपल्या तेलाचा हिशेब विहिरी भरून वाहत असताना मांडला, म्हणून त्या जळाल्या तेव्हा तो तरला. आपल्या घरीही तो हिशेब पैसा येत आहे तोवरच मांडता येतो.